मॉर्मन पंथातील दशमांश : विधी, हेतू आणि हिशेब

अमेरिकेत १८३० साली स्थापन झालेल्या आणि 'मॉर्मन' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथात प्रत्येक निष्ठावान सभासद आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चच्या स्वाधीन करतो. मराठी बायबलात यासाठी 'दशमांश' हा शब्द रूढ आहे आणि प्रस्तुत लेखात आम्ही तोच वापरणार आहोत. पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे असून २०१८ पासून त्याच्या नेतृत्वाने 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळावे असा आग्रह धरला आहे. तथापि मराठी वाचकाला तेच नाव परिचित असल्यामुळे येथे ते ठेवले आहे.

दहा टक्के म्हटले की आपल्याकडील इतिहासाच्या वाचकाला सरदेशमुखी आठवेल. ते साम्य आकड्यापुरतेच आहे. सरदेशमुखीच्या मागे राज्यसत्ता होती, घोडेस्वार होते. मॉर्मन दशमांशाच्या वसुलीसाठी दारात कोणी येत नाही. दुसरीकडे, त्याला सरळ 'दान' म्हणणेही आम्हाला योग्य वाटत नाही. पालि वाङ्मयात दानाचे मोल दात्याच्या चेतनेवर ठरते, त्याचे प्रमाण बांधून दिलेले नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या धनाचे चार भाग सांगितले आहेत, पण तेथेही दानाचा असा निराळा भाग मोजून ठेवलेला नाही. मॉर्मन श्रद्धेनुसार मात्र दहावा भाग मुळात ईश्वराचाच आहे. तो देणारा स्वतःचे काही देत नसून परमेश्वराचे परमेश्वराला परत करतो. म्हणून या पंथात दशमांश 'दिला' म्हणण्यापेक्षा 'भरला' म्हणणे अधिक यथार्थ ठरते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निर्धार करावा असे सांगितले होते. उत्पन्नाचा ठराविक अंश देणारा समाज तो पैसा कसा उभा करतो, कसा सांभाळतो आणि त्याचा हिशेब कोणाला देतो, हे पाहण्याचे आमचे एक कारण तेही आहे.

दशमांशाची कल्पना मॉर्मनांनी जन्माला घातलेली नाही. जुन्या करारात अब्राहाम मलकीसदेक या याजक-राजाला लुटीचा दहावा भाग देतो, याकोब बेथेल येथे तसाच नवस बोलतो, आणि पुढे मोशेच्या नियमशास्त्रात लेवी वंशाच्या निर्वाहासाठी धान्य, फळे व पशू यांचा दशमांश विहित होतो. मलाखी संदेष्टा तर दशमांश न भरणाऱ्याला ईश्वराची लूट करणारा ठरवतो आणि भरणाऱ्यासाठी आकाशाची कवाडे उघडतील असे आश्वासन देतो. मलाखीचा हा उतारा मॉर्मन ग्रंथातही समाविष्ट आहे. परंतु पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने प्रथम जो मार्ग अवलंबिला तो दशमांशाचा नव्हताच.

१८३१ साली ओहायो राज्यातील कर्टलंड येथे त्याने 'समर्पणाचा नियम' जाहीर केला. सभासदाने आपली सर्व मालमत्ता बिशपच्या नावे करावयाची, बिशपने त्याच्या कुटुंबाच्या गरजेनुसार तीपैकी काही भाग त्याला विश्वस्त म्हणून परत द्यावयाचा, आणि उरलेल्यातून गरिबांची सोय करावयाची, अशी ती योजना होती. आर्थिक समतेचा हा एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. तो टिकला नाही. पंथ सोडणाऱ्यांपैकी काहींनी मालमत्ता परत मागितली, आणि मिसूरीतील जॅक्सन परगण्यातून १८३३ साली मॉर्मनांना शेजाऱ्यांनी हुसकावून लावले. १८३७ साली कर्टलंडमधील त्यांची पतसंस्था बुडाली. मंदिराच्या बांधकामाचे कर्ज डोक्यावर होतेच. अशा अवस्थेत ८ जुलै १८३८ रोजी मिसूरीतील फार वेस्ट या गावी स्मिथने दशमांशाविषयीचा साक्षात्कार सांगितला. तो 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या पंथग्रंथाचे ११९ वे प्रकरण होय. त्यात आज्ञा दोन आहेत. प्रथम प्रत्येकाने आपली अतिरिक्त मालमत्ता बिशपकडे द्यावी. त्यानंतर दरवर्षी आपल्या 'इंटरेस्ट'चा दहावा भाग द्यावा, आणि हा नियम कायमचा समजावा. पैसा कशासाठी, तेही सांगितले आहे : मंदिराची उभारणी, सियोन नगरीचा पाया, याजकवर्ग आणि नेतृत्वावरील कर्जे. कर्जफेडीचा हा स्पष्ट उल्लेख आम्हाला त्या काळच्या धर्मग्रंथात काहीसा अनपेक्षित आणि म्हणूनच प्रामाणिक वाटतो.

'इंटरेस्ट' या एका शब्दावर थोडे थांबणे अगत्याचे आहे. कारण पुढची पावणेदोनशे वर्षे लक्षावधी कुटुंबांचे अंदाजपत्रक या शब्दाच्या अर्थावर बेतले गेले आहे. इंग्रजीत त्याचा एक अर्थ व्याज, दुसरा हिस्सा किंवा हितसंबंध. साक्षात्कारानंतर अवघ्या काही दिवसांत, जुलै १८३८ मध्येच, पंथाचे पहिले बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांनी एका पत्रात त्याचा हिशेब करून दाखविला आहे. एखाद्याची मालमत्ता १,००० डॉलर असेल तर तिच्यावरील वार्षिक व्याज सहा टक्क्यांनी ६० डॉलर होते, आणि त्याचा दहावा भाग ६ डॉलर, हा त्याचा दशमांश. या वाचनानुसार दशमांश मजुरीवर बसत नाही, संपत्तीवर बसतो. ज्याच्याजवळ मालमत्ता नाही त्याला जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही. आज मात्र 'इंटरेस्ट' म्हणजे उत्पन्न, असा अर्थ रूढ आहे. १९ मार्च १९७० च्या पत्रात पंथाच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाने तसे स्पष्ट केले आणि यापलीकडे कोणी अर्थ सांगू नये असेही बजावले. वर्षाला २०,००० डॉलर मजुरी मिळवणाऱ्या आणि मालमत्ता काहीच नसलेल्या कामगाराला पार्ट्रिज यांच्या हिशेबाने शून्य, तर आजच्या हिशेबाने २,००० डॉलर भरावे लागतील. मूळ संहितेचा शब्द जसाच्या तसा राहतो आणि अर्थाचे ओझे एका वर्गाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर सरकते, हे पाहिले म्हणजे शब्दार्थाची चर्चा केवळ पंडितांची करमणूक नसते हे पटते.

एक प्रश्न १९७० च्या पत्रानेही मोकळा ठेवला. उत्पन्न म्हणजे सरकारी कर कापण्यापूर्वीचे की नंतरचे? चर्च याचे उत्तर देत नाही. सभासदाने आपल्या सदसद्विवेकाने आणि ईश्वरासमोर ते ठरवावे असे सांगते. सभासदांच्या आपसांतल्या चर्चेत हा विषय वारंवार निघतो.

१८४४ साली जोसेफ स्मिथची हत्या झाली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पंथाचा मोठा समुदाय पश्चिमेकडे निघाला आणि जुलै १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. या वाळवंटी प्रदेशात नाणे दुर्मीळ होते. म्हणून दशमांश वस्तुरूपाने येई. दहावी गवताची गंजी, दहावे वासरू, अंडी, लोणी, बटाटे, आणि ज्याच्यापाशी यातले काही नसेल त्याचा दर दहावा दिवस श्रमाचा. प्रत्येक वस्तीत दशमांश-कचेरी असे. मुख्य कचेरी सॉल्ट लेक सिटीत होती. तेथे वखार होती, गुरांचा गोठा होता, आणि मंदिरावर राबणाऱ्या मजुरांना याच कोठारातून शिधा मिळे. वस्तूंच्या जागी रोख रक्कम पूर्णपणे आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी.

त्या काळातील एक कथा आजही मॉर्मन मुलांना सांगितली जाते. जोसेफ स्मिथबरोबर मारल्या गेलेल्या त्याच्या भावाची विधवा मेरी फील्डिंग स्मिथ हिने आपल्या पिकातले उत्तम बटाटे गाडीत भरून दशमांश-कचेरीत नेले. तेथील कारकुनाने तिला अडविले. काम करणारे सशक्त पुरुष गावात असताना तिच्यासारख्या विधवेने दशमांश भरावा हे त्याला लज्जास्पद वाटले. तिने त्याला खडसावले की तो तिला मिळणारा आशीर्वाद हिरावू पाहत आहे. तिचा मुलगा जोसेफ एफ. स्मिथ पुढे पंथाचा अध्यक्ष झाला आणि त्याने १९०० साली भर अधिवेशनात ही आठवण सांगितली. पंथीय श्रोता या कथेत विधवेची निष्ठा पाहतो. आमचे लक्ष मात्र त्या कारकुनाकडेही जाते. त्याच्या बोलण्यात काही शहाणपण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

१८८७ साली अमेरिकी संसदेने बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावरून चर्चची मालमत्ता जप्त करणारा कायदा केला. सरकार नेणार असेल तर भरायचे कशाला, या भावनेने दशमांश आटला, आणि शतकाच्या अखेरीस चर्चवर दहा लाख डॉलरांहून अधिक कर्ज झाले. मे १८९९ मध्ये ८५ वर्षांचे अध्यक्ष लोरेन्झो स्नो दक्षिण युटातील सेंट जॉर्ज या दुष्काळग्रस्त गावी गेले आणि तेथे त्यांनी पूर्ण दशमांशाची हाक दिली. युटातील गावोगाव फिरून त्यांनी हेच सांगितले. दशमांश वाढला आणि १९०७ साली चर्च कर्जमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. या प्रसंगाची लोकप्रिय कथा अशी की, दशमांश भरा म्हणजे पाऊस पडेल असे वचन स्नो यांनी दिले आणि पाऊस पडला. त्यावर १९६३ साली चर्चने चित्रपटही काढला. परंतु भाषणाच्या समकालीन नोंदींत पावसाचे असे निःसंदिग्ध वचन आढळत नाही. स्नो यांच्या मुलाने अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणींतून ते रूढ झाले आहे. मूळ सुत्त आणि त्यावरील अट्ठकथा यांतील अंतर ज्यांनी अभ्यासिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

आजची पद्धत साधी आहे. सभासद आपल्या स्थानिक बिशपकडे पाकिटातून रक्कम आणि एक पावतीवजा चिठ्ठी देतो, किंवा संगणकाद्वारे परस्पर पैसे भरतो. बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तो शिक्षक, दुकानदार, वकील असा कोणीतरी गृहस्थ असून काही वर्षे विनावेतन हे काम पाहतो. रोख आलेले पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि विलंब न लावता बँकेत भरावेत असा दंडक आहे. स्थानिक मंडळीकडे दशमांशाचा पैसा राहत नाही, तो थेट मुख्यालयाकडे जातो आणि तेथून खर्चासाठी ठराविक रक्कम परत येते. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत प्रत्येक कुटुंब मुलाबाळांसह बिशपला भेटते. बिशप वर्षभराच्या भरण्याचा कागद पुढे ठेवतो आणि एकच विचारतो : हा पूर्ण दशमांश आहे, अंशतः आहे की नाही? पगाराचा दाखला मागितला जात नाही. उत्तर सभासदाचे, त्यावर विश्वास ठेवायचा.

सक्ती नाही असे म्हणताना एक गोष्ट विसरता कामा नये. मॉर्मनांची रविवारची उपासना सर्वांना खुली असते, परंतु मंदिर ही वास्तू निराळी आहे. पती-पत्नींना आणि मुलांना अनंतकाळासाठी एकत्र बांधणारा विधी मंदिरातच होतो. तेथे प्रवेश करण्यासाठी बिशप आणि त्याच्या वरचा अधिकारी यांच्याकडून दर दोन वर्षांनी परवाना घ्यावा लागतो, आणि त्या मुलाखतीतला एक प्रश्न पूर्ण दशमांशाचा असतो. ज्या आईने वा बापाने दशमांश भरलेला नाही, त्यांना पोटच्या मुलीचा मंदिरातला विवाहविधी पाहता येत नाही, ते बाहेर थांबतात. २०१९ पर्यंत अमेरिकेत अगोदर नागरी विवाह करणाऱ्या जोडप्याला मंदिरविधीसाठी एक वर्ष थांबावे लागे. ती अट काढल्यापासून निदान एक समारंभ सर्वांना पाहता येतो. दाराशी घोडेस्वार नाही हे खरे, पण दार आहे. सभासद स्वतः याकडे विनोदाने पाहतात. शेवटच्या दिवशी दशमांश भरणारे जळणार नाहीत अशा आशयाचे एक वचन १८३१ च्या साक्षात्कारात आहे, त्यावरून ते दशमांशाला 'आगीचा विमा' म्हणतात.

बाहेरच्या अभ्यासकाचा हमखास गोंधळ होतो तो गरिबांच्या मदतीविषयी. दशमांश गरिबांसाठी गोळा होतो असे समजले जाते. मुख्यतः तसे नाही. दशमांशातून मंदिरे व सभागृहे बांधली जातात, प्रचारकार्य, धर्मशिक्षणाचे वर्ग, वंशावळींचे संग्रहालय आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांचा खर्च चालतो. या विद्यापीठात सभासदांना निम्मे शुल्क पडते, कारण उरलेला भार दशमांशाने उचललेला असतो. १९९० पासून अमेरिका व कॅनडातील मंडळींकडून स्थानिक खर्चासाठीची वेगळी वर्गणीही बंद झाली. गरिबांसाठी असतो तो 'उपवासाचा निधी'. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन जेवणे सोडतो आणि त्या जेवणांची किंमत, जमल्यास अधिक, बिशपकडे देतो. या निधीतून बिशप आपल्या मंडळीतील अडलेल्या कुटुंबाचे घरभाडे, औषध, किराणा पाहतो. आम्हाला या व्यवस्थेचे अनुकरणीय वाटते ते हेच : उपाशी राहून वाचविलेले अन्न उपाशी माणसापर्यंत पोहोचते, आणि ते त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याच्या हातून पोहोचते.

दशमांश कोठे खर्च करायचा हे ठरविणारी परिषद १८३८ च्याच पुढच्या साक्षात्कारावर आधारलेली आहे. तीत अध्यक्षमंडळातील तीन, बारा प्रेषित आणि मुख्य बिशपमंडळातील तीन असे अठराजण असतात. सगळे पुरुष. चर्चने तपशीलवार जमाखर्च प्रसिद्ध करणे १९५९ नंतर थांबविले. आता दरवर्षी अधिवेशनात लेखापरीक्षण विभागाचे निवेदन वाचले जाते, त्यात आकडे नसतात. ब्रिटन, कॅनडा यांसारख्या देशांत कायद्याने भाग पडते म्हणून तेथील हिशेब उघड होतात. अमेरिकेत दशमांश भरणाऱ्या सभासदाला स्वतःच्या पैशाचे काय झाले हे कळण्याचा मार्ग नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये चर्चच्या 'एन्साइन पीक ॲडव्हायझर्स' या गुंतवणूक-संस्थेतील एका माजी व्यवस्थापकाची तक्रार प्रसिद्ध झाली आणि शिल्लक सुमारे १०,००० कोटी डॉलर असल्याचे जगाला समजले. १९९७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने आपली शेअर-गुंतवणूक निरनिराळ्या नामधारी कंपन्यांच्या नावे दाखविली होती. त्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामक आयोगाने संस्थेवर ४० लाख आणि चर्चवर १० लाख डॉलरांचा दंड बसविला, व तो भरण्यात आला. ही शिल्लक कठीण दिवसांसाठी आहे असे चर्चचे म्हणणे आहे. जगभर गरजूंसाठी २०२३ साली १३६ कोटी डॉलर खर्च केल्याचेही त्याने जाहीर केले आहे. दुसरा वाद सॉल्ट लेक सिटीत २०१२ साली उघडलेल्या 'सिटी क्रीक सेंटर' या व्यापारी संकुलाचा. त्यासाठी दशमांश वापरला जाणार नाही असे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी २००३ साली सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे १४० कोटी डॉलर एन्साइन पीकमधून आले. जेम्स हंट्समन या माजी सभासदाने आपला ५० लाख डॉलरांचा दशमांश परत मागण्यासाठी २०२१ साली दावा लावला. तो ३१ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने फेटाळला. खर्च झाला तो राखीव निधीच्या गुंतवणुकीवरील मिळकतीतून, आणि तसे चर्चने अगोदरच सांगितले होते, असा निवाडा झाला. म्हणजे मुद्दल वेगळे आणि त्याचे व्याज वेगळे. १८३८ मध्ये बिशप पार्ट्रिज यांनीही हाच भेद केला होता, फक्त त्यांच्या हिशेबात त्याचा लाभ सभासदाला मिळत होता.

याहून गंभीर प्रश्न गरीब सभासदाचा आहे. डिसेंबर २०१२ च्या चर्चच्या अधिकृत मासिकात एका बिशपचा एका गरीब कुटुंबाला दिलेला सल्ला छापला आहे. त्याचा आशय असा की, दशमांश भरल्यामुळे पाण्याचे वा विजेचे देयक, घरभाडे, इतकेच काय अन्नही राहणार असेल तरी आधी दशमांश भरा. कमी पडल्यास मंडळी मदत करील हे आश्वासन त्याला जोडलेले आहे, आणि वर सांगितलेल्या उपवासनिधीमुळे ते पोकळ नाही. एप्रिल २०१८ मध्ये नैरोबी येथे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याचे चक्र दशमांशाने तुटेल असे आफ्रिकी सभासदांना सांगितले. शिस्तीने खर्च करणाऱ्या, व्यसनापासून दूर राहणाऱ्या आणि एकमेकांना धरून असणाऱ्या कुटुंबाची स्थिती सुधारते हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्या सुधारणेचे श्रेय दशमांशाला देणे, आणि पर्यायाने गरिबाच्या गरिबीचे कारण त्याच्या न भरलेल्या दशमांशात शोधणे, हे आम्हाला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याला कारणे असतात, आणि ती बहुधा गरिबाच्या घराबाहेर असतात.

या संदर्भात जेन मॅनिंग जेम्स या स्त्रीचे नाव मॉर्मन इतिहासात टाळता येत नाही. ती कनेक्टिकटमध्ये जन्मलेली स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्री. १८४३ साली ती आपल्या कुटुंबीयांसह नोवू या मॉर्मन नगराकडे निघाली. बफेलो येथे बोटीवर त्यांना घेतले नाही, तेव्हा ही मंडळी सुमारे ८०० मैल पायी चालत गेली. जोसेफ स्मिथच्या घरी तिने घरकाम केले आणि १८४७ साली युटात पोहोचलेल्या पहिल्या तांड्यांत ती होती. १८५२ साली ब्रिगहॅम यंग यांनी कृष्णवर्णीयांना याजकत्व नाकारणारे धोरण जाहीर केले. १८३६ मध्ये एलायजा एबल या कृष्णवर्णी पुरुषाला ते दिले गेले होते, तरीही. या धोरणामुळे जेनला मंदिरातील मुख्य विधी बंद झाले. मृतांसाठीचा बाप्तिस्मा तेवढा करू दिला. तिने एकामागून एका अध्यक्षाकडे अर्ज केले. १८९४ साली एक विधी झाला, त्यात तिला अनंतकाळासाठी जोसेफ स्मिथच्या घराण्याशी जोडण्यात आले, पण सेवक म्हणून, आणि त्या विधीलाही तिला आत न घेता तिच्या जागी दुसरी स्त्री उभी करण्यात आली. उतारवयात सांगितलेल्या आत्मकथनात आपण आपला दशमांश व अर्पणे भरतो असे तिने नोंदविले आहे. म्हणजे मंदिरप्रवेशासाठी जी अट विचारली जाते ती तिने पुरी केली होती.

१९०८ साली तिचे निधन झाले. तिच्या अंत्यविधीत स्वतः अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ बोलले, ज्यांच्या आईची बटाट्यांची कथा वर आली आहे. जून १९७८ मध्ये चर्चने वर्णावरील बंदी उठविली. पुढच्या वर्षी जेनच्या नावाने मंदिरातील ते विधी तिच्या पश्चात प्रतिनिधीमार्फत करण्यात आले.